खोली पाहावी भाड्याने घेऊन

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्या पूर्वजांची शिकवण आहे. त्या पूर्वजांपैकी कोणी परदेशी शिकायला गेले असते, तर त्यांनी या म्हणीला आणखी एक शेपूट खचित जोडले असते : 'आणि खोली पाहावी भाड्याने घेऊन!' मी स्वतः अजून पुण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. विमान मी पाहिले आहे ते आमच्या शिवारावरून जाताना. तरीसुद्धा लंडन शहरात थोड्या दिवसांसाठी स्वस्त खोली कशी शोधावी, या विषयावर मी आज थोड्याफार अधिकाराने लिहू शकतो. हा अधिकार मला फार महागात पडला. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे गाव माण तालुक्यात. पाऊस आला तर आला, नाही तर वाट पाहायची, असा मुलूख. गावातली निम्मी कर्ती माणसे मुंबईला. आमचे आबाही १९८९ साली मुंबईला गेले आणि मस्जिद बंदरच्या बाजूला माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहू लागले. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा २०१४ साली ते गावी परतले. मधली पंचवीस वर्षे ते एका गाळ्यात राहिले. गाळा म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. तीत गावाकडची अठरा माणसे. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रातपाळीची त्याच जागेवर अंथरूण टाकत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि पेटीला एक कुलूप, एवढाच काय तो खासगी संसार. जेवण खानावळीत. आबांना सहीपुरते अक्षर येते, त्यापुढे नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले आम्ही दोघेच, दादा आणि मी. दादा याच महाविद्यालयाचा विद्यार्थी. आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांनी त्याला शिकवले आहे. २०२५ साली त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि एम. ए. साठी लंडनच्या एका विद्यापीठात त्याचा प्रवेश निश्चित झाला. त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली आणि आबा बराच वेळ अंगणात नुसतेच उभे राहिले.

आनंद ओसरल्यावर प्रश्न आला राहण्याचा. विद्यापीठाच्या वसतिगृहातील स्वस्त खोल्या दादाचा अर्ज जाईपर्यंत भरून गेल्या होत्या. ज्या उरल्या होत्या त्यांचा करार जवळजवळ वर्षभराचा आणि भाडे आमच्या कल्पनेबाहेरचे. खासगी घरातली खोली स्वतः पाहून घ्यावी हे उत्तम. पण पाहायला जायचे तर आधी तेथे पोहोचायला हवे, आणि पोहोचल्यावर पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा हवी. म्हणून तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय करणे भाग होते. दादा दिवसा साताऱ्यात नोकरी करी आणि रात्री कागदपत्रांच्या मागे असे. त्यामुळे खोली शोधण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले. इंग्रजी वाचणारा घरात दुसरा कोण होता?

मी एक वही केली. तिच्यात चार प्रकार लिहिले. पहिला प्रकार प्रवाशांच्या होस्टेलमधली खाट. एका दालनात आठ-दहा-बारा जण, खाटेवर खाट, भाडे रात्रीच्या हिशेबाने, आणि शनिवार-रविवारी ते वाढणारे. दुसरा प्रकार विद्यापीठांच्या वसतिगृहांत उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या राहणाऱ्या खोल्या. त्या बाहेरच्यांना भाड्याने देतात; पण सत्र सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे नव्या विद्यार्थ्याला गरज लागते नेमक्या त्याच वेळी, त्या बंद होतात. तिसरा प्रकार एखाद्या कुटुंबाच्या घरातली जादा खोली. चौथा प्रकार चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या घरात कोणी मध्येच निघून गेल्यामुळे मोकळी झालेली खोली.

या वहीत मी पहिल्याच पानावर चूक केली. तिकडे भाडे कधी आठवड्याचे सांगतात, कधी महिन्याचे. आठवड्याला १५० पौंड म्हणजे महिन्याला ६००, असा माझा सरळ चारचा पाढा. परंतु वर्षाचे आठवडे ४८ नसतात, ५२ असतात. १५० ला ५२ ने गुणून १२ ने भागले म्हणजे महिन्याचे ६५० होतात. पन्नास पौंडांची ही चूक दादाने पकडली. तो हसून म्हणाला, "अरे, मी अर्थशास्त्र घेतलं ते बरं झालं." मीही हसलो. पण चूक सापडली म्हणून मी सावध झालो नाही, हे आज लक्षात येते.

आठवड्याभराने मला ती खोली सापडली. आठवड्याला ११० पौंड, वीज-गॅस धरून. छायाचित्रात पांढरी भिंत, टेबल, खुर्ची आणि भिंतभर रुंद खिडकी. खिडकीबाहेर झाड. भोवतालच्या इतर खोल्यांपेक्षा भाडे कितीतरी कमी. मालकाने मोठ्या अदबीने उत्तर दिले. आपण कामानिमित्त शहराबाहेर आहोत, खोली प्रत्यक्ष दाखवता येणार नाही, परंतु तीन आठवड्यांचे ३३० पौंड अनामत म्हणून पाठवल्यास किल्ली टपालाने येईल, असे त्याने कळवले. इतरही लोक विचारत आहेत, तेव्हा दोन दिवसांत निर्णय व्हावा.

मी ते छायाचित्र आबांना दाखवले. ते दाखवताना मला कोण अभिमान! आबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, नीट पाहिले आणि विचारले, "आधीचा माणूस का गेला?"

मी म्हणालो, "आबा, तिकडं असं विचारत नाहीत."

"कुणी बघितली का जागा?"

"तिकडं सगळं फोनवरच होतं."

"आन् ह्यो मालक, त्याला कुणी बघितलाय?"

मी उत्तर दिले नाही. कपाळाला आठी घातली असावी. आबांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "तुमी शिकलेली पोरं. तुमाला जास्त कळतं." त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच तसे मानत होते. त्याच रात्री मी दादाला फोन करून सांगितले की उशीर करू नकोस, जागा हातची जाईल. दादाने एकदा शंका काढली. पण त्याच्यामागे शंभर कामे होती, आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता. आईची बोरमाळ गहाण ठेवून काढलेल्या कर्जातले ३३० पौंड, म्हणजे आपले जवळजवळ चाळीस हजार रुपये, दुसऱ्या दिवशी गेले.

किल्ली आली नाही. टपालाला वेळ लागतो, अशी आम्ही मनाची समजूत घातली. मालकाने, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली आहे असे कळवले आणि त्यानंतर उत्तर देणे बंद केले. दादाचे तिकीट काढलेले होते. निघताना आबांनी त्याच्या बॅगेत एक पितळी कुलूप टाकले. गाळ्यातल्या पेटीचे ते कुलूप. "परमुलखात आधी कुलूप लागतं," ते म्हणाले. मी दादाच्या कानात पुटपुटलो, "लंडनला कुलूप!" आणि आम्ही दोघे हसलो.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी दादा दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोहोचला. पत्ता खरा होता. घर खरे होते. दार एका वृद्ध बाईंनी उघडले. त्या तेथे कितीतरी वर्षे राहत होत्या आणि त्यांनी कधीही कोणाला खोली दिलेली नव्हती. त्याच महिन्यात त्यांच्या दारात असा बॅगा घेऊन उभा राहिलेला दादा हा दुसरा मुलगा होता.

दादाने मला फोन केला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "घरी कुणाला सांगू नकोस. होस्टेलात खाट मिळते का बघतो."

खाट मिळाली. बारा जणांच्या दालनातली, वरची. तेथे प्रत्येक खाटेखाली सामानाचा लोखंडी खण होता. कुलूप मात्र ज्याने त्याने आपले आणायचे. नसेल तर तेथेच पैसे मोजून विकत घ्यायचे. दादाने आबांचे कुलूप काढून लावले. मस्जिद बंदरच्या गाळ्यातले कुलूप लंडनमध्ये नऊ रात्री त्याच्या पासपोर्टवर पहारा करीत होते. कोणी पहाटे चारला विमान पकडायला उठे, कोणी रात्री दोनला येऊन दिवा लावी. दादा जिन्याच्या पायरीवर बसून वाचे. सामाईक स्वयंपाकघरात एक फळी होती. निघून जाणारे प्रवासी उरलेला तांदूळ, मीठ, चहा तीवर ठेवून जात आणि मागून येणारे ते वापरत. त्या फळीवरच्या तांदळाने त्याचे काही दिवस निघाले.

आणि मग दादाने ते केले जे मी करायला हवे होते. त्याने आबांचे प्रश्न आठवले. रात्री फोनवर तो सांगे आणि मी लिहून घेई. मी वहीचे नवे पान उघडले आणि वर 'आबांचे प्रश्न' असे लिहिले. आधीचा माणूस का गेला? जागा कोणी पाहिली? मालकाला कोणी पाहिले? आणि मुंबईच्या गप्पांत आबा नेहमी सांगत ते आणखी दोन : पाणी किती वाजता येते? कामाची जागा पायी किती?

वाचकांना वाटेल, मस्जिद बंदरचे प्रश्न लंडनला काय कामाचे? मलाही तसेच वाटत होते. पण पाहा. नळाला पाणी तिकडे चोवीस तास असते. मात्र गरम पाणी आणि खोलीतली ऊब पुष्कळ घरांत घड्याळाच्या ठरावीक वेळीच चालू होते, आणि ती वेळ मालक ठरवतो. ज्या घरात ती फक्त सकाळी एक तास चालू होते, तेथले स्वस्त भाडे हिवाळ्यात स्वस्त राहत नाही. कामाची जागा पायी किती, या प्रश्नाचे तर सगळे शहरच उत्तर आहे. भुयारी रेल्वेचे भाडे झोनवर ठरते. केंद्रापासून जितके दूर राहावे तितकी खोली स्वस्त आणि प्रवास महाग. बसला मात्र झोन नाहीत. कितीही लांब गेलात तरी भाडे एकच, आणि तासाभरात बस बदलली तरी दुसरे भाडे पडत नाही. म्हणजे हाताशी वेळ असलेल्या गरीब विद्यार्थ्याने बसच्या रस्त्यावरची खोली पाहावी. आधीचा माणूस का गेला, या प्रश्नाला तर तोड नाही. दादाने पाहिलेल्या एका खोलीतला मुलगा सामान बांधत होता. त्याने भिंतीवरचे कपाट किंचित सरकवले आणि मागची काळी ओल दाखवली. ती जाहिरातीतल्या छायाचित्रात अर्थातच नव्हती.

पावतीचाही कायदा तिकडे आहे, हे आम्हांला पैसे गेल्यावर कळले. इंग्लंडमध्ये मालक दुसरीकडे राहत असेल तर अशा भाडेकरूकडून सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, आणि घेतलेली अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. पाच किंवा अधिक परकी माणसे एकत्र राहतात अशा घराला परवाना लागतो. परवान्याच्या घरात एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट जागा हवी, दोघांसाठी १०.२२, म्हणजे सुमारे ११०. आबांच्या गाळ्याचे १२० चौरस फूट होते आणि माणसे अठरा. हे आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पुढचे काही लिहू शकलो नाही.

दहाव्या दिवशी दादाला ईस्ट हॅम भागात खोली मिळाली. दुसरा मजला, एका तेलुगू मुलाबरोबर भागीत, आठवड्याला ९५ पौंड, बिले धरून. खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. खाली रस्त्यावर दाक्षिणात्य खानावळी आणि साड्यांची दुकाने. ऑलगेटपर्यंत एकच बस जाते, तेथून तो चालतो. आधीचा मुलगा का गेला, तर त्याचे शिक्षण संपले म्हणून. दादाने त्याच्याशी स्वतः बोलून खात्री करून घेतली. अनामतीची पावती मिळाल्यावरच त्याने बॅग उघडली.

डिसेंबरात तो किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे भाड्याने राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. ज्यांच्या नावाने आपण जयंत्या करतो त्यांनीही परदेशात खोल्या शोधल्या होत्या, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. तेथे आधी हार्टली हॉल हे वसतिगृह, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल अशी बिऱ्हाडे त्यांनी बदलली. शेवटच्या ठिकाणी नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला आणि त्याच मित्राने पुढे १९२० साली लंडनला परत जाण्यासाठी कर्जाऊ पैसे दिले. लंडनच्या बिऱ्हाडात घरमालकीण देई ते जेवण अपुरे असे, दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई, आणि रात्री भूक लागली म्हणजे पापड भाजून ते पुन्हा वाचायला बसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गांधीजींनीही विद्यार्थी असताना लंडनमध्ये दोन खोल्या सोडून एक घेतली, शेगडी आणली आणि पायी जाता येईल अशा बेताने बिऱ्हाड निवडले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दादा म्हणाला, "त्या खोलीत उभा राहिलो आणि आपली खोली मला लहान वाटेनाशी झाली."

इथवर सगळे गोड झाले. पण खरी गोष्ट अजून सांगायची आहे. घरी आम्ही काहीच सांगितले नव्हते. आबा समजत होते की दादा त्या छायाचित्रातल्या खोलीतच राहतो. दर रविवारी फोन येई. दादा भिंतीला टेकून बसे, म्हणजे मागचे काही दिसू नये. आबा न चुकता विचारत, "आनामत कधी परत मिळायची?" बोरमाळेचे व्याज त्यांच्या डोक्यात होते. दादा म्हणे, "सोडताना मिळते, आबा." ते ऐकताना मी मान खाली घालून बसे. सुट्टीच्या दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानात काम करू लागलो होतो. महिन्याचे दोन हजार बाजूला टाकी. चाळीस हजारांना किती महिने लागतील, हा हिशेब मात्र मला बरोबर येत होता.

जानेवारीतल्या एका रविवारी आबा म्हणाले, "आरं, ती मोठी खिडकी दाव की. झाडाला पानं हायत का गळली, बघू दे."

दादा गप्प झाला. मी फोन आबांच्या हातून घेतला, बंद केला, आणि सगळे सांगितले. छायाचित्रापासून त्या वृद्ध बाईंच्या दारापर्यंत. माझ्या आग्रहाने पैसे गेले, दादाच्या नव्हे, हेही सांगितले. आई भाकरी थापता थापता थांबली. आबा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी इचारलं व्हतं की तुला."

एवढेच. ओरडले नाहीत. उठून गोठ्यात गेले आणि म्हशीपुढे वैरण टाकू लागले. मला वाटले, आता हे कित्येक दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. पण रात्री जेवताना त्यांनी विचारले, "त्या म्हातारीनं पोराला पाणी तरी दिलं का?"

दिले होते. पाणी दिले होते, चहा दिला होता, फोन चार्ज करू दिला होता, आणि होस्टेलकडे कोणती बस जाते ते कागदावर लिहून दिले होते. ते ऐकून आबांनी मान हलवली. "मग बरं हाय," म्हणाले आणि जेवू लागले.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या पुण्याला जाईल, कोणी मुंबईला, कोणी त्याहून दूर. स्वस्त खोली अवश्य शोधा. आपल्यासारख्यांना दुसरा मार्ग नाही. फक्त न पाहता पैसे देऊ नका. पाहायला जाईपर्यंत खाटेवर राहा, जिन्यावर वाचा, पण कुलूप बरोबर न्या. आणि घरातल्या ज्या माणसाला तुमचे इंग्रजी वाचता येत नाही, त्याला एकदा विचारा. मी दोन वर्षे या महाविद्यालयात शिकतो आहे, त्याचा मला अभिमान आहे. परंतु त्या वहीतल्या पाच प्रश्नांपैकी एकही मी येथे शिकलो नाही, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांना मी 'तिकडं असं विचारत नाहीत' म्हणून गप्प केले होते.

बोरमाळ अजून सोडवायची आहे. हा अंक निघेल तेव्हा मी तो घरी नेईन आणि आबांना हा लेख वाचून दाखवीन. ते मध्येच काहीतरी विचारतील. या वेळी मी उत्तर देईन.